जड झालेला चाप

काल इथे सौदीत, रास तनुराच्या वर्कशॉपमध्ये एका बारीक स्प्रिंगवर तेलाचा थेंब सोडला, आणि त्या वासासरशी मी थेट आमच्या तालुक्यातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो. शेजारी माझे अब्बा, कमरेला परवान्याचं छोटं रिव्हॉल्वर. अम्मी गेल्यावर आंब्याच्या बागेत ते एकटेच राहत. रिव्हॉल्वर शर्टाखाली लपवायचं असतं. अब्बा मात्र खाज सुटल्याच्या निमित्ताने शर्ट वर करून ते गावभर दाखवत.

मी सुट्टीवर आलो तसं म्हणाले, "चाप जड झालाय रे. जरा हलका करून आणू."

दुकानदाराने रिकामं रिव्हॉल्वर हातात घेऊन चाप सहज ओढला. "चाचा, लोण्यासारखा चालतोय. स्प्रिंग आणखी सैल केली तर गोळीच उडायची नाही."

"द्या इकडे," अब्बा म्हणाले. त्यांचं बोट थरथरलं, चाप हलला नाही. कपाळावर घाम आला.

"घरात दुसरं कोण असतं?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"हा आहे ना," अब्बा माझ्याकडे बघत म्हणाले. "सुट्टी संपेपर्यंत." मग मिस्कील हसले. "आणि चाप ओढवत नाही हे चोराला कोण सांगणार आहे?"

रिव्हॉल्वर कमरेला लावून, छाती काढून ते एसटी स्टँडकडे निघाले.

इथल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये मी त्यांची ती ऐटबाज चाल करून दाखवायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. अब्बा गेले तेव्हा मी इथेच होतो. आताही आग्रह झाला की उठतो, छाती काढतो, आणि मध्येच खाली बसतो.