टेबलाला भोक नाय

रोह्यातल्या एका शाळेत केरूभाऊ म्हात्रे एकतीस वर्षं शिपाई आहेत. शाळेतली एकशे बारा बाकं ते माणसांसारखी ओळखतात. कोणतं डुगडुगतं, कोणत्याचा खिळा चड्ड्या फाडतो, सगळं तोंडपाठ. बाकावर कर्कटकाने नाव कोरणारी मुलं हेडमास्तरांपेक्षा त्यांनाच जास्त भितात.

दिवाळीच्या सुटीत बाकावर चढून पंखा पुसताना ते पडले. बाकाला काही झालं नाही, उजवं मनगट मोडलं. घरी निरोप धाडताना त्यांनी याच क्रमाने सांगितलं.

प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांत मूठ वळली तर कामावर जायचा दाखला देतो. नाहीतर आता घरीच आराम करा." निवृत्तीला दीड वर्ष होतं. आराम हा शब्द ऐकून केरूभाऊंना रात्रभर झोप लागली नाही.

व्यायाम शिकवायला पेणहून नम्रता मॅडम येत. त्यांनी दवाखान्यातली हाताची सायकल वापरायला दिली. लोखंडी बैठक, तिच्यावर दोन पायडल. पायांऐवजी हातांनी फिरवायची. बैठकीला चार भोकं. "काका, ही टेबलावर पक्की बसवा. हलली तर मनगटाला हिसका बसेल. आणि सायकल जपून हं, पुढच्या पेशंटला द्यायचीय."

घरातलं प्लास्टिकचं टेबल तिच्या वजनानेच वाकलं. हे कळल्यावर हेडमास्तर सुभाष सरांनी वाचनालयातलं दीड फूट रुंदीचं सागवानी टेबल टेंपोत घालून अष्टमी गावात केरूभाऊंच्या घरी पाठवून दिलं. केरूभाऊंनी आधी त्याच्यावर आपलं धुतलेलं धोतर अंथरलं.

जनू सुतार ड्रिल घेऊन आला. "चार भोकं, केरूभाऊ. पाच मिनिटांचं काम."

केरूभाऊ उठून टेबलावर जाऊन बसले.

"उतरा ना!"

"भोक? शाळंच्या टेबलाला? एकतीस वर्षं पोरांचे कान पिळले मी त्यापायी."

"अवो, पण हात कुणाचाय?" आतून त्यांची बायको सीताबाई म्हणाल्या.

"हात माझा हाय. टेबल शाळंचा हाय."

मग सुरू झाले प्रयोग. जुन्या लुगड्याच्या चिंधीने सायकल बांधली, ती पाचव्या फेरीला तिरकी झाली. मग सीताबाईंनी खाली ओलं गोणपाट घातलं. सायकल थांबली, पण पॉलिशवर पांढरा डाग उठला आणि केरूभाऊ संध्याकाळपर्यंत सीताबाईंशी बोलले नाहीत. डाग खोबरेल चोळून गेला, तेव्हा बोलले. दोन्हीकडून चिकटणारी पट्टी त्यांनी आधी टेबलाच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लावून पाहिली. ओढल्यावर पॉलिशचा पापुद्रा सुटून आला. त्या जागेवर त्यांनी कितीतरी वेळ बोट फिरवलं. बोट अजून मिटत नव्हतं.

बारा दिवस असेच गेले. नम्रता मॅडम म्हणाल्या, "काका, टेबल मस्त आहे. हात मात्र आखडतोय."

त्या दिवशी जनूने टेबलाखाली उताणं पडून वितीने रुंदी मोजली. मग म्हणाला, "एक फळी वर, एक खाली. दोन्ही टेबलाच्या बाहेर आलेल्या. त्या बाहेरच्या टोकांतनं लांब बोल्ट टाकायचे आनि आवळायचं. सायकल वरच्या फळीला. टेबलाला भोक नाय. मधी सायकलीची जुनी ट्यूब, तिच्याखाली फ्लॅनेल. पन फळी कडक पायजे, दोन फुटी. ही आजकालची प्लाय वाकते."

घरात तसं एकच लाकूड होतं. सीताबाईंनी खांब गावच्या माहेरून आणलेले दोन शिसवी पाट. पितळी फुलांचे, सणासुदीलाच निघायचे. तिघांनीही एकाच वेळी भिंतीच्या फळीवरच्या पाटांकडे पाहिलं आणि तिघांनीही नजर फिरवली.

"नको गो," केरूभाऊ घाईने म्हणाले. "जनू, तू टेबलालाच पाड भोकं. मी सरांना सांगन."

"काय सांगाल? पोरांनी पाडली म्हनून?" सीताबाईंनी पाट खाली काढले, पदराने पुसले. "एकतीस वर्षं मला ऐकवलंत, शाळंचा माल, शाळंचा माल. आता हात लावू देते व्हय मी त्याला? घे रे जनू. फुलं वाचव तेवढी."

जनूने पाटांचे पाय काढले, फुलं वाचवून भोकं पाडली. ड्रिल फिरत होतं तेवढा वेळ केरूभाऊ ओटीवर जाऊन उभे राहिले. सीताबाई मात्र शेवटचं भोक पडेपर्यंत तिथेच होत्या.

बोल्ट आवळले. केरूभाऊंनी डाव्या हाताने सायकल गदागदा हलवली. टेबल हललं, सायकल नाही. मग उजवा हात पायडलवर ठेवला. चौथ्या फेरीला घाम आला. "पुरे आता," ते म्हणाले.

"पुरे?" सीताबाई समोर बसल्या. "माझ्या पाटाला भोकं पडलीत. मोजा!"

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्या समोर बसून भाजी निवडत आणि फेऱ्या मोजत. विसरल्या, तर पुन्हा एकपासून. केरूभाऊंचा दाट संशय आहे की त्या मुद्दाम विसरत.

दोन महिने भरले, तेव्हा डॉक्टरांनी आपलं बोट पुढे केलं आणि म्हणाले, "दाबा." मग म्हणाले, "सोडा, सोडा!" आणि दाखला लिहिला.

सोमवारी केरूभाऊ शाळेत गेले. पहिली घंटा द्यायच्या आधी वर्गांवरून एक फेरी मारली. ते नसताना चौदा बाकांवर नवी नावं कोरली गेली होती. त्यांनी पॉलिश पेपर काढला, उजव्या मुठीत घट्ट धरला आणि सातवी ब च्या पहिल्या बाकापासून घासायला बसले.

त्या दिवशी शाळा वीस मिनिटं उशिरा भरली. एकाही मुलाने तक्रार केली नाही.