म्हशीची मध्यस्थी

मला दिली ती गावातल्या गावात. माहेर देवळाच्या वरच्या अंगाला, सासर खाली ओढ्याकाठी. लग्नात लोक म्हणाले, पोरीचं नशीब काढलं, आईनं हाक मारली तर घरातूनच ओ देता येईल. असं म्हणणारे लोक निवडणुकीला विसरले होते.

पुढच्याच वर्षी दूध सोसायटीच्या चेअरमनपदाला माझे वडील आणि माझे सासरे समोरासमोर उभे राहिले. मतं सारखी पडली, चिठ्ठी काढली, वडिलांची निघाली. सासऱ्यांचं म्हणणं, व्याह्यांच्या चिठ्ठीची घडी मुद्दाम जाड घातली होती. झालं, दोन्ही व्याह्यांची तोंडं दोन दिशांना. वर दोन्ही घरांत हुकूम सुटला की तिकडच्या माणसाशी कुणी शब्द बोलायचा नाही. भांडण दोघांचं होतं, अबोला मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायचा होता.

समेटाचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. तालुक्याच्या गावी, वडवणीच्या हॉटेलात बैठका व्हायच्या, पुढारी यायचे, भजी यायची. एका बैठकीत आधी नमस्कार कुणी करायचा यावरून खुर्च्या उचलल्या गेल्या. बायकांना अर्थातच कुणी बोलावलं नाही. समेट म्हणजे जबाबदारीचं काम.

त्या वर्षी पावसानं दडी मारली आणि मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडची रीत. सासरे म्हणाले, "त्यांची लेक हाय, त्यांनी दारात यावं, हात जोडावं आन् न्यावं." वडील म्हणाले, "त्यांना गरज आसंल तर आणून घालतील." माझ्या पायांवर सूज चढायला लागली, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. सासूबाई दवाखान्याचं बोलल्या तर सासरे म्हणाले, "आपण दवाखाना केला म्हंजी आपण हारलो." नवऱ्याचं विचाराल तर तो आपल्या वडिलांपुढं मूग गिळून बसायचा. आतमध्ये मी भिंतीला टेकून बसलेली असायचे आणि मला खरंच वाटायचं, ह्या दोघांच्या मिशीपायी मी मरणार. राग इतका यायचा की भीती वाटायलाही फुरसत नव्हती.

उन्हाळ्यात सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. वडिलांनी नियम काढला, जनावरामागं घरचं एक माणूस दिवसभर हजर पाहिजे, नाहीतर चारा बंद. व्याही आपल्या छावणीत येऊन बसतोय हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. सासरे म्हणाले, जनावरं जातील, मी पाय ठेवणार नाही. त्यांनी सासूबाईंना धाडलं. इकडं चेअरमननं शेण कसं काढायचं, म्हणून वडिलांनी आईला धाडलं. दोन्ही दावणी नेमक्या शेजारी आल्या. ज्यांनी बोलायला बंदी केली, त्यांनीच दोघींना दिवसभर मांडीला मांडी लावून बसवलं होतं.

हुकूम मोडायचा नव्हता. म्हणून सासूबाई म्हशीशी बोलायला लागल्या.

"कावून खात न्हाईस गं? दोन जिवाची हायेस. पाय बघ कसे सुजलेत."

आई पलीकडं आपल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवायची आणि गाईला सांगायची, "तिला म्हणावं मीठ बंद कर. डोकं दुखतंय का इचार. दुखत आसंल तर दवाखाना गाठावा, त्याबिगर इलाज न्हाई."

"डोकं तर लई दुखतंय," सासूबाई म्हशीला सांगायच्या. "पर नेणार कोण?"

हे मला नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि प्रत्येकीनं सांगताना आपला वाटा जरा मोठा केला.

एकदा हे बोलणं फेरी मारणाऱ्या वडिलांच्या कानावर पडलं. छावणीत गाभण म्हैस आजारी! मेली तर विरोधक चेअरमनला फाडून खातील. त्यांनी तातडीनं जनावरांचा डॉक्टर आणवला. डॉक्टरनं कोपरापर्यंत हात घालून तपासलं आणि हात धूत म्हणाला, "ही कशाची गाभण? भाकड म्हैस आहे. तब्येत तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली."

वडील आईवर उखडले. "मग सुजलंय कोण?"

आई म्हणाली, "तुमची लेक."

सासूबाईंनी म्हशीकडंच बघत पदर तोंडाला लावला. वडील म्हणाले, "मग धाडत कावून न्हाईत?"

"तुमी जाताव का आणायला?"

वडिलांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि चाऱ्याचं वजन बघायला निघून गेले. माझा बाप वाईट माणूस नव्हता. चेअरमन होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची कंबर धरली. सासऱ्यांना त्या म्हणाल्या, "घरचं माणूस गेलं न्हाई तर चारा बंद हुईल. सूनबाई जाईल." चारा बंद होणं म्हणजे व्याह्यापुढं हात पसरणं. सासरे हो म्हणाले. मी बैलगाडीतून छावणीत उतरले तेव्हा आई ऊस आणणाऱ्या रिकाम्या ट्रॅक्टरजवळ उभी होती. तिनं मला कवेत धरून ट्रॉलीत चढवलं आणि थेट वडवणीच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर उसाच्या शेंड्यांच्या वाळक्या वाढ्यांवर आडवी पडून मी रडत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थांबला असता तर दोन्ही जीव गेले असते.

दवाखान्यातून आई मला माहेरी घेऊन गेली. सासऱ्यांनी मला धाडलं नव्हतं, मी जनावरांमागं गेले होते. वडिलांनी मला आणलं नव्हतं, मी ट्रॅक्टरमधून आले होते. दोघांचीही मान ताठ राहिली.

मुलगी झाली. बारशाला मांडव पडला, तालुक्याचे पुढारी आले आणि दोन्ही व्याह्यांना शेजारी बसवून शाल-नारळ दिले. गावात शांतता नांदवणारे दोन थोर पुरुष म्हणून माइकवर त्यांचं कौतुक चाललं होतं.

आत पाळण्याशी आई आणि सासूबाई बसल्या होत्या. आता बोलायला कुणाची बंदी नव्हती, पण दोघींना एकमेकींकडं बघवेना. शेवटी सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं.

"सांग गं तुझ्या आज्जीला," त्या तिला म्हणाल्या, "तुझ्या आईला धाडली त्या दिशी मी दिसभर दारातच बसले व्हते. जिती राहती का न्हाई, काय कळंना. माझी बी लेकच हाय ती."

आईनं नातीचं पाऊल हातात धरलं. "तिला म्हणावं, तू धाडली नसती तर मी कुणाला नेलं आसतं?"

पोरगी दोघींकडं आळीपाळीनं टकामका बघत होती. तेवढ्यात बाहेरून चहाची हाक आली, आणि दोघी एकदमच उठल्या.