सरकारी मासे

आरोग्य निरीक्षक म्हणून नव्या मुंबईत रुजू झालो तेव्हा तिथे मुंबई नव्हती आणि नवं फारसं काही नव्हतं. शिरवण्याच्या आसपास खाजणं, भातशेतं, मध्येच चार इमारतींचे सांगाडे आणि सगळीकडे डास. हिवतापाचे रोगी वाढले तसा साहेबांनी हुकूम काढला: विहिरींत गप्पी मासे सोडा.

मी डबाभर मासे घेऊन खाडीकाठच्या एका गावात गेलो. घरटी मासेमारीचं जाळं असलेल्या गावाला सरकारतर्फे मासे वाटणारा मीच पहिला असेन. विहिरीवर एक म्हातारी कपडे धूत होती. विहीर तिच्याच घरची. तिने डब्यात डोकावून पाहिलं.

"एवरंसं मासं? कालवनात घातलं तं दिसायचं बी नाय."

"खायचे नाहीत, मावशी. हे डासांच्या अळ्या खातात."

"आनि हागतील कुठं?"

प्रशिक्षणात हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मी म्हणालो, "विहिरीत बेडूक आहेतच की. ते कुठं जातात?"

"बेडूक आमचे हायेत. ह्ये सरकारचे."

शेवटी तिने अट घातली. गावात येशील तेव्हा या विहिरीचं पाणी आधी तू प्यायचं. मी दर फेरीला मुकाट्याने प्यालो. हळूहळू म्हातारीला माशांचा लळा लागला. ती त्यांना भाताची शितं टाकायची आणि पोहरा आपटला की सुनांना दटावायची.

पावसाळ्यात शेजारच्या गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. ते काम आमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या निरीक्षकाकडे होतं. त्याने हुकमाप्रमाणे आसपासच्या सगळ्या गावांच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर ओतली आणि हात जरा सैलच सोडला. माझ्या हुकमावर साहेबांची सही होती, त्याच्याही हुकमावर त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी म्हातारी ऑफिसात आली आणि मेलेल्या माशांचं पातेलं तिने साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"मारायचे व्हते तं दिले कशाला, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसऱ्या निरीक्षकाकडे, आणि त्याने पंख्याकडे. मग साहेबांनी तिला जंतू वेगळे, डास वेगळे, असं बराच वेळ समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी ह्ये दोगं एकमेकांशी बोलत नाय."

"बोलतो की," दुसरा निरीक्षक म्हणाला. "रोज एकत्र जेवतो."

"मंग जेवताना काय बोलता?"

आम्ही जेवताना साहेबांबद्दल बोलायचो. ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. साहेबांना बहुधा अंदाज आला, कारण ते एकदम खोकले आणि त्यांनी चहा मागवला.

चहा पिता पिता निकाल लागला: पिण्याच्या विहिरीत पावडर, मासे इतर साठलेल्या पाण्यात. नवा डबा नेण्यासाठी साहेबांनी मला जीप दिली, ती नोकरीतली पहिली आणि शेवटची. म्हातारीही जीपमधून आली. नव्या शहरासाठी सरकारने घेतलेल्या तिच्या शेतात इमारतीच्या पायासाठी खड्डा खणला होता, तो पाण्याने तुडुंब भरला होता. तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि मासे स्वतः सोडले.

मग तिथल्या वॉचमनला बजावलं, "यात चुना नि सिमीट टाकू नको. मासं हायेत."

त्या हिवाळ्यात गावात ताप कमी झाला. साहेबांनी श्रेय पावडरीला दिलं, मी माशांना. म्हातारी म्हणाली, "वारा फिरला, बाला."