यादीतले माझे दोन फ्रीज

“सदरा काढ बे.”

मालक खुर्चीवर बसले होते. खुर्ची शेजारून मागून आणलेली. मी माझ्या पडलेल्या भिंतीपुढे उभा. समोर घरकुलाचा सर्वेवाला, मोबाईल धरून.

“कायले मालक?”

“फोटोत गरीब दिसाले पायजे ना गा. असा बटनं लावून उभा राहशीन त वरचे साहेब म्हनतीन, नवरदेव हाय.”

सारी गल्ली हसली. मीही हसलो. सर्वेवाला शहराला लागून असलेल्या फुलचूरचा, बोलणं तिथल्यासारखं हिंदीत. तो म्हणाला, “भैया, हँसो मत. घर चाहिए ना?”

मी सदरा काढला. हिवाळ्याची सकाळ होती, तरी इतका घाम सुटला की त्यावर धानाच्या एका बांधीची रोवणी झाली असती. गल्लीनं माझ्या बरगड्या मोजल्या. बायको दारात उभी होती. तिनं मान फिरवली.

मी मुकाट्यानं सदरा का काढला, ते सांगतो.

आमचं गाव सौंदडपासून सायकलीनं अर्ध्या तासावर. मी चालवली तर दहा मिनिटं. गावात मी गप्पांसाठी प्रसिद्ध. आमच्या इकडच्या प्रतापगडच्या पहाडावर मला वाघ भेटला, त्यानं बिडी मागितली, मी म्हटलं, शेवटचीच हाय गा, तर बिचारा मान खाली घालून निघून गेला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की आता वाघालाही खरी वाटत असेल. मालक म्हणजे जुन्या मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या घरचे. गावचा तलाव अजून त्यांच्याच नावानं ओळखला जातो. त्यांच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. पाहुणे खुर्च्यांवर, मी खाली पायरीजवळ. वाघ निघून गेला की मला चहा. माझा बापही त्याच पायरीजवळ बसून गोष्टी सांगायचा. मला वाटायचं, हा आपल्या घराण्याचा मान आहे.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात पहिला सर्वे आला. कोण गरजू, कोण नाही, ते घरोघरी पाहणार होते. मायनं दोन दिवस घर सारवलं. पांढऱ्या मातीनं भिंती पोतल्या. छपराचे कवेलू सरळ करून घेतले. घर असं दिसू लागलं की आत जाताना मीच पाय पुसले. फक्त मागची भिंत पोट काढून उभी होती. ओल खाऊन फुगलेली. मायनं तिच्यापुढे धानाची ढोली, म्हणजे कणगी, सरकवली.

“काऊन वो माय?”

“पाव्हना येऊन राह्यला बापू. त्याले असं दाखवते का कोनी?”

सर्वे करणारा आला. वर न बघता विचारत गेला. सारी गल्ली ऐकत होती, मालकही.

“खेती है?” नाही. “पक्की दीवार?” नाही. “नौकरी?” नाही.

तीनदा नाही म्हटलं. साऱ्या गल्लीपुढे. चौथ्यांदा त्यानं विचारलं, “फ्रीज?” आणि माझी जीभ सुटली.

“दोन हायेत साहेब! एक मायचा, एक बायकोचा. एकीचं पानी दुसरी पीत नाही!”

गल्लीत हशा. सगळ्यांना ठाऊक, माझ्या घरात एक बल्ब आहे, तोही लाजत पेटतो.

“हाँ. आगे. मोटरसाइकिल?”

आंगणात साळ्याच्या गाडीचा सांगाडा गंजत पडला होता. त्यात कोंबड्या बसायच्या. “हाय ना! चालत नाही, उडते. कोंबड्यायनं पंख देल्ले तिले.”

“हाँ. आगे. कमरे?”

“सात!”

“हाँ. आगे.”

तो हसला नाही. मला वाटलं, याला गंमत कळत नाही. त्यानं सगळं मोबाईलमध्ये टाकलं होतं.

हिवाळ्यात पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. माझ्या नावापुढे ‘अपात्र’. आत जाऊन विचारलं, तर कम्प्युटरवर बसणाऱ्यानं कारण वाचून दाखवलं. फ्रीज दोन, मोटारसायकल, खोल्या सात. मी म्हटलं, मजाक होती गा. तो म्हणाला, “आता गेलं वरतं. वापस नाही होत.”

मालकांकडे गेलो. म्हटलं, तुमी होते तिथं, तुमी सांगा. ते एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून माझं नाव दोन फ्रीजवाला. पाहुणे आले की बोलावणं. “वाघ राहू दे. फ्रीजची सांग.”

आणि मी सांगितली. पायरीजवळ बसून. माझं गेलेलं घर मीच हसत हसत सांगितलं, अन् वरून चहा प्यालो.

पुढच्या रोवणीत, भर दुपारी, आम्ही नवरा-बायको दुसऱ्याच्या बांधीत वाकलेलो. माय घरी भाजी निवडत होती. मागची भिंत बसली. ढोलीसकट तिच्या कमरेवर.

इथं मला गप्प मारता येत नाही. मारून पाहिली. येत नाही.

माय पुन्हा उठली नाही. खाटेवर पडून राहायची, उघड्या मागल्या बाजूनं आकाश दिसायचं तिला. मी वाट पाहत होतो, कधी शिव्या देईल. तिनं फ्रीजचं नावही काढलं नाही. एकदाच म्हणाली, “बापू, म्या ते ढोली सरकवाले नोको होती.”

दिवाळीच्या आधी गेली.

म्हणून या हिवाळ्यात दुसरा सर्वे, नवा सर्वेवाला आला, तेव्हा मी सदरा काढला. कातडी काढ म्हटलं असतं तर तीही काढून दोरीवर टांगली असती.

सर्वेवाल्यानं मोबाईल डोळ्यांपुढे धरला. मालकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“थांब गा. आधी ह्याची फ्रीजची गोष्ट आयक. सांग बे ह्याले. मंग फोटो.”

माझं तोंड सवयीनं उघडलं. “दोन हायेत साहेब. एक मायचा—”

तिथंच अडलो. गल्ली हसायला तयार होऊन उभी.

खाटेवरचा सदरा उचलला. अंगात घातला. सगळी बटनं लावली, गळ्याचंही.

“काय झालं बे?”

“माय मेली मालक. ह्या भिंतीखाली. गोष्ट सरली.”

कोणी हसलं नाही. मी सर्वेवाल्याकडे वळलो. “फोटो भिंतीचा काढा. मी असाच उभा राहीन. अन् लिहा. फ्रीज नाही. वाचून दाखवा.”

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. मग वाचलं, “फ्रीज... नहीं.”

“गाडी नाही. खोली एक. वाचा.”

त्यानं वाचलं. मालक उठले. “लय माज आला. नाव कसं लागते ते मीच पाह्यतो.”

“पाहा,” मी म्हटलं.

संध्याकाळी पंचायतीत गेलो. जुनी यादी अजून भिंतीवर होती, पावसानं पिवळी पडलेली. तेव्हा मी त्यात फक्त माझं नाव शोधलं होतं. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बोट ठेवून. मालकांच्या पुतण्याचं नाव पात्र. त्याचं दोन मजली घर गाव ओळखतं. पण यादीत पत्ता गोठ्याचा होता. बैल बाहेर बांधले असतील, आत खाट टाकली असेल, फोटो काढला असेल. बैलांना कोणी काही विचारलं नसेल.

नवी यादी अजून लागलेली नाही. माझं नाव येईल न येईल. मागल्या बाजूला ताडपत्री आहे. छपरीतून दोनदा बोलावणं आलं. गेलो नाही. कोणाच्याच छपरीत आता जाणार नाही.

येत्या ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. म्हणणार आहे, तो गोठा हाय, घर नाही, लिहून घ्या. मी उठलो की लोक हसतील. इतकी वर्षं मीच शिकवलंय त्यांना. हसू द्या. त्यांचं हसणं थांबेपर्यंत मी उभा राहीन. मग तेच वाक्य पुन्हा म्हणेन. लिहीपर्यंत म्हणेन. लिहिलं की म्हणेन, वाचून दाखवा.