नर्सबायची दुर्बीण

"चढ माझ्या पाठीवर," नर्सबाय म्हणाली आणि चिखलात पालथी पडली. माझे दोन्ही पाय मांड्यांपर्यंत रुतले होते. भरती सुरू झाली होती. तिवरांच्या मुळांतून पाणी बोट बोट सरकत आमच्याकडे येत होतं. ती तेव्हा अडुसष्टची, मी सत्तरची. मी म्हटलं, "मोडशील." ती म्हणाली, "मोडले तर बसवून घेईन. चढ."

मी तिच्या पाठीवर छाती टेकली, एकेक पाय उपसला आणि सरपटत तिच्या अंगावरून बांधावर गेले. मग हाताला धरून तिला ओढलं. वर आल्यावर तिने आधी गळ्यातली दुर्बीण बघितली. ती तिच्या पोटाखाली चिखलात दाबली गेली होती.

चूक माझी होती. मिठागराचा जुना बांध मध्येच फुटलेला आहे, तेवढी पंधरा पावलं चिखलातून जावं लागतं. "चप्पल हातात घे," असं तिने जाताना बजावलं होतं. मुळं टोचतात म्हणून मी ऐकलं नाही. येताना एक चप्पल चिखलात राहिली. ती पुढून म्हणाली, "सोड ती." मी म्हटलं, "नवीन हाय," आणि मागे वळले. चिखलात थांबलं की चिखल धरतो, हे मिठागरवाल्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं असं नाही.

नर्सबाय उमेळे गावात आमच्याच आळीत राहायची. सगळी नोकरी दवाखान्यात झाली, त्यामुळे विचारायची सवय नव्हती, सांगायची होती. लग्न केलं नाही. भावाने वाडी विकली, तिथे इमारत उठली, तिला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. माझा नवरा गेला तेव्हा सगळे रडायला आले. ती तेराव्यानंतर आली आणि दारातूनच म्हणाली, "पाय चालतात ना? मग उद्या सहाला तयार राहा. कोल्हा बघायला जाऊ."

मी म्हटलं, "कोल्हा बघून काय करू?"

"घरात बसून काय करतेस?"

मुलगा पुण्याला, सून पुण्याला.

ती रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवत नसे, पण तिच्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर असायचं. भरती-ओहोटी तिथीवर चालते ना. मला म्हणायची, "तुझी एकादशी तुझ्याआधी मला कळते. उपास मात्र तू कर." तिचा हिशेब कधी चुकला नाही. त्या दिवशीही नाही. वेळेत निघालो होतो. चपलेने घोळ केला.

फुटक्या बांधाच्या अलीकडे आता राखीव कांदळवनाचा फलक आहे. आम्ही त्याला तिवरांचं रान म्हणायचो. फलकाशेजारी बसून ती तासन् तास बघायची, खंड्या, बगळे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. आमच्याकडे निवट्या कालवणात असतात, बघायला कोणी जात नाही. मी काही बोलायला लागले की म्हणायची, "बोलायचं तर घरी बोल." मग घरी जाऊनही बोलायची नाही.

एकदा विचारलं, इतकी वर्षं एकटी यायचीस, मग मला कशाला आणतेस? दुर्बीण डोळ्यावरून न काढता म्हणाली, "एकटीने बघितलं की बघितल्यासारखं वाटत नाही."

चिखलाच्या दिवसानंतर दुर्बीण आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवली. तिच्या भावाच्या नातीने मोबाईल तसा वाळवला होता म्हणे. उजवी बाजू सुधारली, डावी धुरकटच राहिली. मी नवी घेऊन देते म्हटलं, तर म्हणाली, "तुझी चप्पल घे आधी." त्या दिवसाबद्दल एवढंच काय ते बोलली.

दोन वर्षांनी तिला छातीचा आजार झाला. चिखलामुळे नाही, मी डॉक्टरांना विचारून घेतलं. शेवटच्या आठवड्यात दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तू बिघडवलीस, तूच ठेव." अष्टमीला गेली, भांगेचं पाणी होतं, भरतीही कमी आणि ओहोटीही कमी. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. सगळे उठले की उठले, बसले की बसले.

परवा पहाटे एकटीच गेले. फुटक्या बांधाच्या अलीकडेच थांबले, चपला काढून हातात घेतल्या होत्या. पलीकडच्या बांधावर कोल्हा आला. एवढ्या फेऱ्यांत आम्हाला तो नीट कधी दिसलाच नव्हता. मी डावा डोळा मिटून दुर्बिणीतून बघितलं. कान, तोंड, एका पायाने किंचित लंगडत होता. बाजूला सांगायला वळले, तर तिथे फलकाचा खांब होता.

घरी येऊन मुलाला फोन केला. म्हटलं, "कोल्हा दिसला." तो म्हणाला, "बरं. गोळ्या घेतल्यास का?"

नर्सबाय बरोबर म्हणाली होती, एकटीने बघितलं की बघितल्यासारखं वाटत नाही. त्या दिवशी चिखलातून दोघी निघालो होतो. आता मी एकटीच आहे.