ताईने निवडलेली देशी गाडी

पद्माताई गेल्याचं मला जयपूरजवळच्या बगरू गावात कळलं. मी रामेश्वरजींच्या अंगणात उभा होतो. माझ्या दुकानासाठी ठशांचं कापड तेच छापून देतात. कापडावर रंग अडवायला लावतात त्या दाबूच्या चिखलाचा ओला वास, उन्हात पसरलेले निळे तागे, आणि आमचा नेहमीचा वाद चाललेला, की या वेळी निळा जरा फिकट का उतरला. तेवढ्यात जयपूरच्या जगतपुऱ्याहून ताईच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "भैया, आप आ जाइए," एवढंच त्या म्हणाल्या. रामेश्वरजींनी अर्धवट वाळलेले तागे गुंडाळून माझ्या पिकअपच्या हौद्यात टाकली, आणि मी निघालो. जयपूरपर्यंतच्या रस्त्यातलं मला काही आठवत नाही. इंजिनाचा तो घरघर आवाज तेवढा आठवतो. त्या आवाजाला नावं ठेवत मी ती गाडी घेतली होती, आणि ती ताईने मला घ्यायला लावली होती.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा बरीच मोठी. आम्ही मूळचे अमरावतीचे. विमा कंपनीत ती मोटार अपघातांचे दावे तपासायची. चेपलेल्या, उलटलेल्या, कधी जळून कोळसा झालेल्या गाड्यांभोवती साडी खोचून फिरायची आणि मालकाची गोष्ट खरी की बनाव ते ठरवायची. बदलीवर जयपूरला आली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि निवृत्त झाल्यावर जगतपुऱ्यातच फ्लॅट घेऊन राहिली. तिच्या मागोमाग मीही नोकरीसाठी इथे आलो. पुढे कॉम्प्युटरच्या कामाचा कंटाळा येऊन बगरूच्या कापडाचं दुकान राजा पार्कच्या बाजारात टाकलं, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. ताई फक्त म्हणाली, "टाक. पण माल आणायला गाडी धड ठेव."

नेमकं तेच मला जमलं नाही. माझी पहिली टेम्पोवजा गाडी अजमेर रोडवर कुठेही मान टाकायची. मग मी ताईला फोन करायचा आणि ती स्कूटरवर यायची, उन्हाने लाल झालेली, डिकीत फोडणीची पोळी आणि चहाचा थर्मास घेऊन. आधी यथेच्छ झापायची. मग बॉनेट उघडून काय बिघडलंय ते मला समजावायची, कुठल्याशा ओळखीच्या मिस्त्रीला बोलवायची, आणि तो येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बाभळीच्या विरळ सावलीत बसायचो. घरी आम्ही दोघं फार बोलत नसू. तिला टीव्ही लागायचा, मला झोप. पण त्या रस्त्याकडेला आई, बाबा, अमरावतीची शाळा, तिने नाकारलेला एक मुलगा, त्याचं पुढे काय झालं, सगळं निघायचं. मिस्त्री लवकर आला तर मला उगाचच वाईट वाटायचं.

शेवटी ती गाडी भंगारात गेली आणि दुसरी घ्यायची ठरली. जुनीच, छोटी पिकअप. देशी की जपानी, हा प्रश्न आमच्याकडे नव्हताच, कारण ताई जपानी पिकअपची जन्माची भक्त होती. नोकरीत असताना कधीतरी कुठल्याशा धरणाच्या कामावर ती तसल्या गाडीतून हिंडली होती. "काय सांगू तुला, खड्ड्यातून जाते तरी मांडीवरचा चहा हलत नाही!" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की स्वतः बसल्यासारखं वाटायचं. मग आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. जुन्या गाड्यांच्या बाजारात ताईची एक रीत होती. गाडी पसंत पडली तर ती फेरी मारायला पुढे बसायची नाही, मागे हौद्यात चढायची. मालक कासावीस व्हायचा. "मैडमजी, आगे बैठिए, लोग क्या कहेंगे!" ताई मागच्या फाळक्याला धरून वर चढायची, चटई टाकून पाय पसरून बसायची आणि चालकाला सांगायची, "चलिए." मला म्हणायची, "पुढं गादी असते, गाणी असतात, मालकाची बडबड असते. गाडी काय म्हणते ते मागंच ऐकू येते रे." उतरली की धूळ झटकत निकाल द्यायची, आणि बहुतेक निकाल नापासाचे असायचे.

एका रविवारी ती सापडली. पांढरी, जपानी, एका बंगल्यासमोर कापडाखाली झाकून ठेवलेली. मालक परदेशी चालले होते. ताई मागे बसली, मी पुढे. परत आलो तेव्हा ती हौद्यातून उतरेचना. तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. मी मनात गाडी घेऊनही टाकली होती. ती खाली उतरली, फाळक्यावर हात ठेवून जरा उभी राहिली आणि म्हणाली, "ही नको. मागच्या रविवारी पाहिली ना, ती देशी घे."

मी चक्रावलोच. ती देशी म्हणजे नुसता खडखडाट. पत्रा रंगवलेला, दरवाजा आपटल्याशिवाय लागत नव्हता. "इतकी वर्षं जपानी जपानी करून डोकं खाल्लंस, आणि आता? काय खोट आहे हिच्यात?"

"काहीच नाही. फार चांगली आहे."

"मग?"

"अरे, हिचा एक तुकडा मोडला तर तो दिल्लीहून यायची वाट पाहा. हात लावणारे मिस्त्री गावात किती? ती देशी कोणीही उघडतो, कोणीही लावतो. मतलब, कुठंही अडकणार नाहीस."

"अडकलो तर तू आहेस ना!"

ताईने पदर खांद्यावरून घेतला आणि ती स्कूटरकडे चालू लागली. मी मागून कुरकुरत राहिलो. मग वळून हसली, "काऊन तोंड पाडून राहिला? घे म्हटलं ना."

घेतली. तिच्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी तिला काय सांगितलं होतं, ते ती गेल्यावर त्याच डॉक्टरांकडून मला कळलं. त्या रविवारच्या थोडंच आधी सांगितलं होतं. मला तिने सांगितलं नाही, गाडी मात्र बदलली. जन्मभर जी गाडी हवीशी वाटली तिच्यावरून हात फिरवून तिने तिला नाही म्हटलं, कारण आता स्कूटरवरून कोणी येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पुढचे काही महिने ती माझ्यासोबत बगरूला यायची. आता पुढेच बसायची. आवाजाला मी वैतागलो की म्हणायची, "बोलते बिचारी, बोलू दे." तिला दम लागायचा. मी विचारलं की उकाड्यावर ढकलायची, आणि जयपूरच्या उकाड्यावर काहीही खपून जातं.

परवा अजमेर रोडवर गाडी पहिल्यांदा बंद पडली. भर दुपार, माल भरलेला, मी एकटा. बॉनेट उघडून पाहत होतो तोवर समोरच्या टपरीतला मिस्त्री हात पुसत आपणहून आला. आत डोकावला, हसला, शेजारच्या दुकानातून एक पट्टा आणला आणि बसवून टाकला. मी नीट काळजीत पडायच्या आत गाडी घरघरायला लागली. "मामूली बात थी जी," तो म्हणाला, आणि जाता जाता वळला. "घर से किसी को बुलाया हो तो मना कर दीजिए. खामखा धूप में आएँगे."

मी म्हणालो, कोणाला बोलावलेलं नाही. तो गेला. ताईने अगदी असंच व्हावं म्हणून ती गाडी निवडली होती, आणि अगदी तसंच झालं. गाडी सुरू होती, रस्ता मोकळा होता, माझं काहीही अडलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि कडेला सावली शोधून बसलो... बराच वेळ, जगतपुऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून.