मोकळ्या बाई

आमच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंना मुलं ‘मोकळ्या बाई’ म्हणतात. वर्गात शिरल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “मन मोकळं करा रे!” पोरांनी ते केलं की बाई ते घेऊन गावभर निघतात. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण दोन पदव्या आहेत, त्यामुळे याला चुगली म्हणायचं नाही, ‘संवाद’ म्हणायचं.

मी चित्रकलेचा मास्तर. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन आहे. पलीकडे कुणी नाक ओढलं तरी मला ऐकू येतं. तिकडे दोन मऊ खुर्च्या आहेत, भिंतीवर हसरे सूर्य आहेत आणि ‘इथलं बोलणं इथेच राहतं’ अशी पाटी आहे.

सहावी-सातवीची पोरं म्हणजे अवघड प्रकरण. आवाज फाटतो, हातपाय आपल्या मर्जीने वाढतात, कालची जिवलग मैत्रीण आज ओळख दाखवत नाही. या वयात ऐकून घेईल आणि गप्प बसेल असं एक तरी मोठं माणूस लागतं. बाईंना गप्प बसणं जमत नाही. खरं तर ऐकणंही जमत नाही. पोर दुसऱ्या वाक्यावर असतं, तोवर बाईंचा उपाय सांगून झालेला असतो.

यंदा सातवीतली एक मुलगी ताडमाड वाढली. मैत्रिणींनी तिला ‘जिराफ’ नाव ठेवलं आणि डबा खायच्या घोळक्यातून बाहेर काढलं. ती गच्चीच्या जिन्यावर एकटी बसून जेवायची. शेवटी एक दिवस बाईंकडे गेली.

“बाई, आईला नका ना सांगू,” मला पलीकडून ऐकू आलं. “तिला वाटतं, मला खूप मैत्रिणी आहेत. त्यांच्यासाठी ती रोज जास्तीचं भरून देते.”

“वेडी की काय! मी कशाला सांगू?”

त्याच आठवड्यात पालकसभा होती. सभेत किस्सा सांगताना मुलाचं नाव घ्यायचं नाही, हा बाईंचा नियम. त्याचा त्यांना कोण अभिमान! माईक हातात घेऊन म्हणाल्या, “नाव नाही घेणार, पण सातवीतली एक मुलगी आहे, वर्गात सगळ्यांत उंच...” आमच्याकडे सातवीचा वर्ग एकच. सगळ्या माना गर्रकन दुसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे त्या मुलीची आई पर्स घट्ट धरून बसली होती. बाई जिन्यावरच्या एकट्या जेवणापाशी थांबतील तर शपथ! जास्तीच्या डब्याचंही सांगितलं, आवाज गदगदला, टाळ्या पडल्या. मला त्या माईकची वायर उपटावीशी वाटली.

“बाई, पोरीला चव्हाट्यावर मांडलंत तुम्ही,” मी नंतर म्हणालो.

“नाव कुठे घेतलं, सर? तुम्ही आपले रंग बघा.”

मुलगी काही दिवस आलीच नाही. तिची आई मात्र शाळेत आली. बाई दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत ‘मुलांचा विश्वास कसा मिळवावा’ यावर भाषण द्यायला गेल्या होत्या, म्हणून ती माझ्या दारात उभी राहिली.

“सर, काहीही विचारलं की ‘सगळं छान आहे’ म्हणते. आधी निदान भांडायची तरी माझ्याशी. आता तेही नाही. मी काय करू?”

मला लाज वाटली, आमच्या सगळ्यांचीच.

मुलगी परत आली त्या दिवशी बाईंनी तिला वर्गातून बोलावून घेतलं. “ये बाळ, बस. कर बघू मन मोकळं.”

“तुम्हीच सांगा ना, बाई. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं.”

खुर्ची सरकली, दार लागलं. मिनिटभरात बाई माझ्याकडे हजर, चेहरा फुललेला.

“ऐकलंत ना, सर? किती विश्वास! पुढच्या सभेला हेच घेते.”